बे म्हणजे शिवी का

“बे म्हणजे शिवीच ना?” मुख्य पंच माझ्या मागे उभ्या राहून कुणाला तरी हळूच विचारत होत्या. त्या पुण्याच्या. बुलढाण्यात बक्षिसाची खुली टेनिस स्पर्धा होती, उपांत्य सामना मध्येच थांबला होता आणि मी गुण लिहिण्याच्या टेबलावर बसले होते.

ज्याच्यामुळे थांबला तो खेळाडू जवळच्या मोताळ्याचा. टेनिसवर पोट भरणारा आमच्याकडचा एकटाच. रॅकेट आपटल्याबद्दल त्याला आधीच ताकीद मिळाली होती. मग रेषेवर पंच म्हणून उभ्या असलेल्या सरांनी त्याचा चेंडू आउट दिला, तसा तो त्यांच्यापुढे जाऊन म्हणाला, “काऊन बे, झोपला का तू?”

सर निवृत्त क्रीडाशिक्षक. त्याला रॅकेट धरायला त्यांनीच शिकवलं, आणि खेळ न जमणाऱ्या मला गुण लिहायला.

लोक हसले. “चष्मा पुसा सर,” मागून कुणीतरी म्हणालं.

“चष्मा नाही बे, काठी दे त्याईले,” शेजारचा म्हणाला.

सरही हसल्यासारखं करत होते. आउटचा हात मात्र तसाच आडवा धरलेला.

पंचाला शिवी दिली की खेळाडू थेट बाद. आठवड्याची कमाई जाते, क्रमवारीचे गुणही जातात. मुख्य पंच शेवटी माझ्याकडे वळल्या. “तू इथलीच ना? नीट सांग.”

तो जाळीला टेकून हसला. “हिले काय इचारता मॅडम. इंग्लिश मीडियमची हाये, मले-तुले येत नाही तिच्या तोंडात.” मग मला म्हणाला, “सांग ना वं. आपल्याकडं बे म्हणजे शिवी हाये का?”

लहानपणी मी ‘मले’ऐवजी ‘मला’ म्हटलं की हाच पोरं गोळा करायचा आणि सगळी ‘मला, मला’ करत माझ्याभोवती फिरायची. तेव्हापासून मैदानावर मी फक्त गुण सांगते.

पण त्याचं खरं होतं. बे ही शिवी नाही. तेवढंच सांगितलं असतं तर खेळ सुरू झाला असता.

“जाऊ द्या मॅडम,” सर म्हणाले. “लेकरू हाये.”

“पाहा. म्हाताऱ्याचीच तक्रार नाही.”

पुन्हा हशा. सरांनी हात खाली घेतला.

मी पेन ठेवलं.

“मित्राले बे म्हणतात,” मी म्हणाले. “सरले कोणी बे म्हणत नाही.”