उलट्या तारा

इंडोनेशियातल्या मालांगजवळच्या आमच्या गावात घरोघरचे सबवूफर, म्हणजे धमक देणारे मोठे डबे, सुयात्नोनेच जोडून दिलेत. आता त्याची आई हृदयविकाराने अंथरुणाला खिळली होती, आणि शेजारी लेगिमानकाकांच्या मुलीचं लग्न होतं. लग्नघरी आवाज कमी करा म्हणणं म्हणजे आमच्याकडे वैर घेणं. भिंत थरथरली की म्हातारी छाती धरायची.

सुयात्नो मला घेऊन मांडवात गेला. "काका, वायर तपासतो," म्हणत सबवूफरमागे वाकला आणि त्याने प्लस-मायनस उलटे जोडले. आता सबवूफर आणि स्पीकर एकमेकांचा आवाज खाऊ लागले. धमक गेली. मी थक्क झालो.

काकांनी कान टवकारले. "काय रे, तुझा डबा म्हातारा झाला? पाहुणे हसतील. घरातला मोठा आण!"

"तो बिघडलाय, काका."

"मग इथेच दुरुस्त कर. नवरदेव आहेस का लाजायला?"

सगळे हसले. दोघं जण त्याच्या घरी गेलेसुद्धा. आईच्या खाटेजवळून त्यांनी तो डबा उचलून आणला. लेगिमानकाका स्वतः टॉर्च धरून उभे राहिले. दोन्ही डब्यांच्या प्लसला प्लस लावण्यावाचून सुयात्नोला गत्यंतर नव्हतं. मग काकांनीच बटण दाबलं.