मामाच्या मैलांचे वाटेकरी

माझ्या मामाइतका विमानात बसलेला आणि तरीही जगातलं काहीच न पाहिलेला माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा सापडणार नाही. मामा मालवाहू बोटीवर आचारी होता. कंपनी त्याला विमानाने नेऊन कुठल्यातरी बंदरात बोटीवर चढवायची आणि करार संपला की बोट जिथे असेल तिथून विमानानेच परत पाठवायची. त्यामुळे मामाच्या लेखी पृथ्वी म्हणजे एकापुढे एक मांडलेले विमानतळ. सिंगापूरचं नाव काढलं की म्हणायचा, "गालिचो चांगलो. पाय दुखणत नाय." लंडनबद्दल त्याचं मत वाईट होतं, कारण तिथल्या बाकांना मधे दांडे होते आणि आडवं होता येत नव्हतं. मी कॉलेजात युरोपचा इतिहास वाचत होते तेव्हा मोठ्या आशेने त्याला पॅरिसबद्दल विचारलं. त्याने मला तिथल्या नळांबद्दल सांगितलं. हात पुढे धरल्याशिवाय त्यांना पाणी येत नाही.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी लाजत वगैरे सांगत नाही. चार वेळा एसटी बदलून मिळवलेली पदवी आहे. त्यामुळे वाडीत कुठलंही इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याकडे यायचं. कोकण रेल्वे नवीन होती त्या सुमाराला मामाच्या नावाने विमान कंपनीचं असंच एक पत्र आलं, आत चकचकीत कार्ड. मी वाचून अर्थ सांगितला: या कंपनीच्या विमानाने जितके मैल जाशील तितके तुझ्या नावावर जमा होतील, पुरेसे झाले की एक तिकीट फुकट. मामाने तीनदा ऐकलं.

"म्हणजे आपण नुसता बसान जावचा, आणि वर तेच आपणाक देतले?"

"हो."

"कित्याक?"

बी.ए. असूनही याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आणि अजूनही येत नाही.

त्या दिवसापासून मामाचा कायापालट झाला. खिशातलं कार्ड बाहेरून दिसावं म्हणून तो पातळ कापडाचे शर्ट शिवून घेऊ लागला. बँकेत, रेशनच्या दुकानात, जत्रेतल्या खाज्याच्या दुकानावरसुद्धा तो छाती किंचित पुढे काढून उभा राहायचा. एकदा मालवणहून येताना त्याने एसटीच्या कंडक्टरला गंभीरपणे विचारलं, "ह्येचे मैल खंय जमा होतत?" कंडक्टरही आमच्याच भागातला. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "पाठीच्या मणक्यात." कार्डाची पत वाढली तेव्हा मामाला विमानात सगळ्यांच्या आधी चढायचा मान मिळाला. त्याचं त्याला कौतुक होतंच, पण त्याचं म्हणणं असं की आपल्याकडे खिडकीतून रुमाल टाकला की काम होतं. एवढ्यासाठी गोऱ्या लोकांना कार्ड छापावं लागतं.

मैलांसाठी तो काय वाटेल ते करायचा. लोक सरळ विमान मागतात, मामा कंपनीच्या एजंटकडे वाकडं विमान मागायचा. माझ्या साखरपुड्याला ब्राझीलहून निघालेला माणूस एक विमानतळ जास्त, मग आणखी एक जास्त असं करत समारंभ आटोपल्यावर, जेवणाच्या पत्रावळी उचलत असताना मांडवात शिरला. डोळे तांबारलेले, पाय सुजलेले, चेहरा मात्र मासळीने जाळं भरून आल्यासारखा. मामीने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे आदळला. "भाचयेचा सगळा झाला. आता कित्याक इलास?" मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "दोन हजार मैल जास्त गावले गो."

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते मला ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तो निघाला तेव्हा मामी त्याला म्हणाली होती, "तुमी खंय जातास तां माका काय दिसता?" ते त्याच्या मनात रुतून बसलं होतं. त्याला शेजारशेजारच्या दोन खुर्च्या हव्या होत्या. मामी खिडकीशी, आपण मधे. एकदा तिला वर न्यायचं आणि म्हणायचं, बघ, मी हयसून जातंय.

पण मामा रापणकरांच्या घरातला. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंनी दोरानं ओढायचं मोठं जाळं, आणि तिचा नियम असा की ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा. मामाने हा नियम सरळ विमानाला लावला. मामीला ज्यांच्या फोनवर त्याचा फोन यायचा त्या शेजाऱ्यांना तो म्हणाला, "माझ्या मैलांत तुमचो वाटो आसा." स्टेशनवर सोडणाऱ्या रिक्षावाल्याला वाटा. तो समुद्रावर असताना ज्याने घराची कौलं परतली त्याला वाटा. आंब्याच्या पेटीला दोरी बांधून देणाऱ्याला वाटा. आठ-नऊ वर्षांत वाडीत असं घर उरलं नाही की ज्याचा आकाशात हिस्सा नव्हता. मी त्याला म्हटलं, "मामा, मैल म्हणजे बांगडे नव्हेत." तो म्हणाला, "बांगडो तरी पाण्यात खंय दिसता? ओढल्यार दिसता."

आणि मग दुसरं पत्र आलं. तेही मीच वाचलं, आणि पहिल्यांदाच मला माझ्या इंग्रजीचा राग आला. शिल्लक मैल मार्चअखेर बाद होणार होते. शिवाय एका तिकिटाला आता पूर्वीपेक्षा बरेच जास्त मैल लागणार होते. मी शिकवते त्या शाळेतले शिक्षक हल्ली मला विचारतात, बाई, ते विमानाचं कार्ड घ्यावं का? मी सरळ सांगते, फुकट मिळत असेल तर घ्या, पण त्याच्यावर स्वप्न ठेवू नका. नियम त्यांचे असतात आणि ते बदलतात. मामाची तिकिटं खलाशांसाठी काढलेली, स्वस्तातली; त्यांवर मैल निम्मेच मिळायचे, आणि कित्येक विमानं तर दुसऱ्याच कंपनीची असायची. जुने काही आधीच वाया गेले होते. अर्धी पृथ्वी पालथी घालून मामाच्या हाती जे उरलं, त्यात गोव्याहून मुंबईला जायचं एक तिकीट बसत होतं. एका माणसाचं. येणं आपलं आपण.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामाने सगळे वाटेकरी किनाऱ्यावर होडीच्या सावलीत बोलावले.

"सुरमय एक गावली, आणि वाटे पंचवीस," तो म्हणाला. "काय करूचा तां तुमी सांगा."

"चिठयो घालूया," रिक्षावाला म्हणाला.

"आणि तुका इली तर? मुंबयेक तुझा कोण आसा?" मामाने विचारलं.

"कोण नाय. विमान बघीन आणि त्याच पावली परत येयन."

कौलवाल्याने सुचवलं की मामानेच जावं, त्याला सवय आहे. त्यावर वाडीतली सगळ्यात म्हातारी मासेवाली, जी पोलीस पाटलालाही भीत नाही, ती टोपलीवरून उठली.

"एकच सुरमय इली तर पंचवीस घरांत काटे वाटतास? जेच्या घराक पावणो आसा तेका देतत मां आपल्यात?"

"देतत," मामा म्हणाला. "पण आता पावणो कोणाकडे आसा?"

"तुझ्या बायलेकडे. वर्षातसून तीन म्हयने येता, बरा-बरा खाता, आणि बॅग उचलून जाता. तो पावणो न्हय तर काय घरातलो?"

सगळे हसले. मामानेही हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मामी मागे उभी होती. म्हणाली, "मी एकटी जावचंय नाय."

"तो इतकी वर्सां एकटोच जाता," म्हातारी म्हणाली. "एकदा तू जावन बघ."

संध्याकाळी मामीने ट्रंकेतून चांगलं लुगडं काढून वाऱ्यावर टाकलं, तेव्हा ती जाणार हे आम्हाला कळलं. मुंबईला तिची बहीण होती. चार दिवस राहून ती रेल्वेने परत येणार होती.

गोव्याला दाबोळीच्या विमानतळावर आम्ही जीपने गेलो, विमानाच्या चार तास आधी. वाटेत मामाने तिला पट्टा कसा लावायचा, कानाला दडे बसले तर काय करायचं, चहा फुकट की विकत, सगळं सांगितलं. दारापाशी पोचल्यावर सवयीने तोच पुढे झाला. पहारेकऱ्याने तिकीट मागितलं. मामाने खिशातलं कार्ड काढून दिलं. पहारेकऱ्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, परत केलं आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. मामी तिकीट आणि मतदार ओळखपत्र दोन्ही हातांत धरून त्याच्या शेजारून आत गेली.

काचेतून ती थोडा वेळ दिसत होती. मग दिसेनाशी झाली. मामा हात हलवतच राहिला. मी म्हटलं, "चल आता." तो म्हणाला, "ऱ्हव गो. काय विसारली आसात तर भायर येयत." ती काही विसरली नव्हती. आम्ही विमान उडेपर्यंत थांबलो, आणि ते तिचंच का हे कळेना म्हणून त्यानंतरची दोन उडेपर्यंतही थांबलो.

परतीच्या वाटेवर गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी जवळ आलं तेव्हा मामा बाहेर बघतच म्हणाला, "ती माका स्टेशनार सोडून परत येय, तेव्हा तू असायचंस मां तिच्या वांगडा?"

"असायचे."

"मगे काय करी ती?"

मी जे खरं ते सांगितलं. कणकवली स्टेशनवरून येताना मामी वाटेतल्या कट्टा गावात उतरायची. काही घ्यायचं नसलं तरी बाजार फिरायची. मला म्हणायची, इतक्यात घराक जावन काय करू, एकच ताट मांडूचा.

बांदा आलं तेव्हा मामाने ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. "जरा बाजार बघूया."

त्याने दोन भोपळे घेतले, एक पळी घेतली, ती परत देऊन दुसरी घेतली. आचाऱ्याची नजर, त्यामुळे प्रत्येक वस्तूला वेळ लागत होता. मामी केव्हाच मुंबईत उतरून बहिणीच्या घरी चहा घेत असेल, आणि आम्ही अजून बांद्याच्या बाजारात होतो. मामा कोथिंबिरीच्या जुड्या एकेक उलटून बघत होता. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.