भुजंगतात्यांच्या गच्चीवरची डिश

वाटूरपासून आत, शेतांच्या मधोमध आमची वस्ती. वस्तीत दुमजली घर एकच, भुजंगतात्यांचं. म्हणून वाटूरच्या टॉवरला दिसेल अशी डिश त्यांच्याच गच्चीवर बसली आणि तिथून अख्ख्या वस्तीला नेट मिळालं. डिश बसवणारा कल्याण बोलायचा असा घाईत, जणू मागं त्याची जीप सुटून चाललीय: "तात्या, हिला म्हणतेत लाइन ऑफ साइट. टॉवरनं डिशला बघितलं पाह्यजे, डिशनं टॉवरला. मधात झाड नको, पत्रा नको, काहीच नको."

तात्यांना हे शब्द फार आवडले. बायको साळूबाई गेल्यापासून ते घरात एकटेच. मुलगा ऋषी पुण्याला. त्याचा फोन यायचा, पण जेवलात का, गोळी घेतली का, ठेवतो, एवढ्यात संपायचा. मग तात्या कल्याणचे शब्द घोळवत बसायचे. कोणी भेटलंच तर मिशीवर बोट फिरवत, खर्जातल्या आवाजात समजावायचे: लेटन्सी म्हणजे आपण हाक मारल्यावर 'ओ' यायला लागतो तो वेळ. बँडविड्थ म्हणजे रस्ता किती रुंद हाय ते. पॅकेट लॉस म्हणजे पोतं भरून धाडलं आन् वाटंत निम्मं सांडलं. पण भेटणारं कोण? नेट आल्यापासून जो तो आपापल्या दारात मान खाली घालून बसलेला.

एकदा उन्हाळ्यात वावटळीनं डिश फिरली आणि सगळ्यांचं नेट गेलं. वस्तीला एकदम पाय फुटले. नंदाबाई अर्धी मालिका डोक्यात घेऊन तात्यांच्या अंगणात आली. तिच्या सुनेला दुधातून विष दिलं होतं आणि ती प्यायली का सांडली, हेच कळेना. सून म्हणजे मालिकेतली. राधेश्यामची मॅच शेवटच्या ओव्हरला अडकली होती. बघता बघता अंगण भरलं. तात्यांनी चहाचं मोठं पातेलं चढवलं आणि वर टॉवरकडं बोट दाखवत लाइन ऑफ साइट सगळ्यांना समजावून सांगितली. कल्याण आला तेव्हा कुणालाच उठायचं नव्हतं.

त्यानंतर वावटळ नसतानाही डिश फिरायला लागली. जरा कुठं आठ-पंधरा दिवस शांततेत गेले, की डिश दोन बोटं परतूर गावाच्या बाजूला वळलेली. पुन्हा अंगण भरायचं, पुन्हा मोठं पातेलं. कल्याण वर चढून बघायचा. वाऱ्यानं फिरलेल्या डिशचा बोल्ट ढिला असतो. हिचा बोल्ट पाना लावून पुन्हा घट्ट केलेला असायचा. खाली येऊन तो म्हणायचा, "तुमच्याकडलं वारं लई शिस्तीचं हाय, तात्या."

"हाय खरं," तात्या म्हणायचे, आणि त्याच्या कपात साखर जास्त टाकायचे.

यंदा वस्तीजवळच नवा टॉवर उभा राहिला. घरोघरी स्वतःचा छोटा डबा लागला. तात्यांच्या भिंतीवर राउटर ठोकताना कल्याणनं एका दमात सांगून टाकलं, की आता कव्हरेज बराबर, गच्चीवरल्या डिशचं काम संपलं, एकाचं बंद पडलं तरी बाकीच्यांचं चालूच राहणार.

तात्या राउटरच्या हिरव्या दिव्याकडं बघत राहिले.

"मंग सगळ्यांचं एकदम बंद पाडायचं म्हणलं, तर कुठून पाडायचं?"

कल्याणचा पेचकस थांबला. तो म्हणाला, "बिघाड नसला तरी फोन लावत जा मला, तात्या."

"बिघाड न्हाई, तर काय सांगू?"

डिश उतरवून न्यायची होती. कल्याण ती तशीच ठेवून गेला.

परवा सकाळी तात्या गच्चीवर चढले. डिश दोन बोटं फिरवली, पाना लावला, खाली येऊन मोठं पातेलं चढवलं आणि ओट्यावर बसले. नंदाबाईच्या दारातून मालिकेचं संगीत येतच राहिलं. राधेश्याम मोबाइलमधल्या पंचावर ओरडतच होता. मग तात्यांनी कल्याणला फोन लावला. तो घनसावंगीत कुणाच्या तरी पत्र्यावर उभा होता.

"बोला तात्या, काय बंद पडलं?"

"काही न्हाई. सगळं चालू हाय."

"मंग बरं हाय की. जरा वर चढेल हाव, लावतो मागून."

तात्यांनी फोन ओट्यावर उताणा ठेवला. आत पातेल्यातला चहा उकळून काळा होत आला, तेव्हा उठून गॅस बंद केला आणि पुन्हा फोनजवळ येऊन बसले.