रादोयेच्या दाराशी

रादोये आमचा ड्रमवाला. सर्बियातल्या आमच्या किकिंदा गावी बेकरीत पहाटे पाव भाजायचा आणि संध्याकाळी एका इमारतीखालच्या जुन्या बॉम्बनिवाऱ्यात आमच्यासोबत वाजवायचा. अशी नऊ वर्षं गेली. तिथल्या भिंती कधी सुकल्याच नाहीत, म्हणून बँडचं नाव ‘ओली भिंत’. ऐकायला वीस माणसं आली तरी आम्ही खूश. गायचो मी, मिरवायचोही मीच; गाणं सावरून धरायचा तो रादोये.

मग कसं कोण जाणे, आमचं एक गाणं देशभर पसरलं. बेलग्रेडच्या मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. तारीख आठ नोव्हेंबर.

“त्या दिवशी आमच्या कुळाच्या संताचा सण,” रादोये म्हणाला. “बाबा गेल्यावरचा पहिला. मेणबत्ती मीच लावायची.”

“अरे बाबा, संत दरवर्षी येतो. बेलग्रेड पुन्हा बोलावणार आहे का?”

“तुम्ही दुसरा कुणी घ्या वाजवायला. मी रागावणार नाही.”

या सणाला आमच्याकडे कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. ज्याला आठवण असते तो येतो. वडिलांच्या जागी उभं राहून माणसांना दार उघडायचं, एवढंच त्याला हवं होतं. मला ते पटलं नाही. खरं सांगतो, मला त्याची लाज वाटली.

त्या दिवशी सकाळी रेडिओवरच्या बाईंनी विचारलं, “तुमचे ड्रमवाले कुठे आहेत?” रॉक वाजवणारा गडी मेणबत्ती लावायला घरी राहिलाय, हे सांगायला माझी जीभ रेटेना. “आजारी आहे,” मी ठोकून दिलं. “अंथरुणातून उठवत नाही त्याला.”

कार्यक्रम तुफान झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्तमानपत्रं घेऊन मी रादोयेकडे गेलो. टेबलावर चाळीस ताटल्या, सगळ्या कोऱ्या.

“पाद्रीबुवा सोडले तर काल कुणी फिरकलं नाही,” त्याची आई, स्तानाकाकू, म्हणाली. “हा वेडा दिवसभर दाराशी उभा.”

तेवढ्यात घंटी वाजली. शेजारचे मिलुतिनकाका, हातात संत्री आणि कॉफीची पुडी, आजाऱ्याकडे नेतात तशी.

“उठलास होय रे? रेडिओवर ऐकलं. म्हटलं, आजारपणाच्या घरी काल कुठे गर्दी करायची? आज येतायत सगळे तुला बघायला.”

रादोयेने माझ्याकडे पाहिलं.

“रेडिओवर तू सांगितलंस ना? मग दाराशीही तूच सांग,” तो म्हणाला आणि कालच्या जेवणाचं पातेलं गरम करायला आत गेला.

मी काकांकडे वळलो. “तो आजारी नव्हता, काका. घरी सण करत होता. मला लाज वाटली, म्हणून मी खोटं बोललो.”

काकांनी संत्री माझ्या हातात दिली. “मग ही तूच खा,” म्हणाले, आणि टोपी काढून रादोयेला सणाच्या शुभेच्छा द्यायला आत गेले.