उंबऱ्याबाहेरचे बूट

साताऱ्याच्या सदर बाजारात जाफरचं चपला-बुटांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहावं एवढीच जागा. पण जाफरचा तोरा संस्थानिकाचा. गिऱ्हाईक आलं की तो तोंडाकडे बघायचाच नाही, पायांकडे बघायचा. नावं विसरायचा, पाय विसरायचा नाही. मूळचा तो दुष्काळी कवठे महांकाळचा. काट्याकुट्यांतून, तापलेल्या मातीतून चालणाऱ्या पायांना काय लागतं हे बापाकडून शिकलेला. पायांबद्दल आपल्याला कुणी नवं काही सांगेल हे त्याला मान्यच नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईला दीड वर्ष होत आलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी ज्ञानू नावाचा पोस्टमन दुकानात आला, बसला आणि त्यानं फाटक्या कॅनव्हासच्या बुटांतून पाय बाहेर काढले. जाफरच्या हातातली आरी थांबली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हे पाय अजून गेल्या पावसाळ्यातच होते. तळव्यांची कातडी सोललेली, टाचांना भेगा, डाव्या पायाची दोन बोटं काळीनिळी. जाफरनं त्या बोटांना आरीचं टोक हलकेच लावून बघितलं. ज्ञानूला कळलंच नाही.

कासच्या पठारापलीकडची सात गावं ज्ञानूच्या वाट्याला होती. टपाल घेऊन तो डोंगरातून सायकलवर फिरायचा. पावसाळ्यात चार महिने पाय सकाळी भिजले की संध्याकाळी घरीच कोरडे व्हायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरनं बजावलं होतं, असाच आणखी एक पावसाळा काढलास तर ती दोन बोटं कापावी लागतील. बोटं गेली की डोंगरातली सायकल सुटली. मग साहेब त्याला शहरात शिक्के मारायला बसवणार होते. दुसरा कुणी असता तर डोक्यावर छप्पर आलं म्हणून पेढे वाटले असते. ज्ञानूला मात्र ती खुर्ची नको होती.

"तिथं नुसतं टपाल टाकून भागत न्हाई, जाफरभाई," तो म्हणाला. "वाचून दावावं लागतं. घरटी एक पोरगा मिलट्रीत, आन् घरात वाचणारं कुणीच न्हाई. अकरा वर्सं मीच वाचतोय."

त्यानं सगळं करून बघितलं होतं. चपला पायडलवरून निसटायच्या. कॅनव्हासचे बूट पोतेऱ्यासारखं पाणी धरून ठेवायचे. गमबूट घालून चढाला घोटा वाकेना, शिवाय पाऊस वरूनच आत शिरून गुडघ्याखाली दोन बादल्या घेऊन फिरल्यासारखं व्हायचं. जाफर मिशीत हसला. माझ्याकडे आलास ना, आता बिनघोर राहा, म्हणाला.

आणि त्यानं जीव ओतून बूट केले. घोट्याच्या वरपर्यंत दुहेरी चामडं, प्रत्येक टाक्यात मेण, जीभ दोन्ही बाजूंनी शिवून टाकलेली, नऊ-नऊ भोकांतून आवळलेली नाडी. तयार झाल्यावर ते त्यानं घागरीतल्या पाण्यात दाबून धरले आणि आत एक थेंबही गेला नाही हे शेजारच्या चार दुकानदारांना बोलावून दाखवलं. असे बूट साताऱ्यात पुन्हा होणार नाहीत, असंही त्यानंच सांगून टाकलं.

श्रावणात पठारावरचा एक दूधवाला दुकानाशी थांबला आणि सहज बोलून गेला, की तुमचा तो पोस्टमन अनवाणीच सायकल मारतोय, बूट गळ्यात अडकवलेत. जाफरच्या अंगाचा तिळपापड झाला. माझे बूट काय हार आहेत गळ्यात घालायला? रात्रभर तो धुमसत राहिला आणि सकाळी पहिल्या एसटीनं निघाला. चांगलं खडसावायचं ठरवूनच निघाला होता.

पठारावर उतरला आणि आधी त्याचा रागच भिजला. कवठे महांकाळला पाऊस यायचा तो पाव्हण्यासारखा. आल्यावर सगळ्यांना आनंद, आणि पाणी पिऊन लगेच निघाला. इथं तो घरधनी होता. आभाळ कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते कळत नव्हतं. छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली. जाफरला आजवर वाटायचं, आपल्याला पाऊस माहीत आहे. ओढ्याकाठच्या पहिल्या घराच्या ओसरीवर तो दात वाजवत उभा राहिला. घर साळूबाईचं होतं. म्हातारीनं काही न विचारता त्याला चुलीपाशी बसवलं. त्यानं ज्ञानूचं नाव काढलं तेव्हा, त्याची वाट बघायची तर इथंच बघा, म्हणाली.

थोड्या वेळानं धुक्यातून घंटी वाजली. जाफर दारात आला आणि बघतच राहिला. समोर वाट नव्हतीच, निसरडा काळा कातळ आणि त्यावरून धावणारं पाणी. त्यावरून ज्ञानू सायकल हाकत येत होता. अंगावर घोंगडीची खोळ, गळ्यात लोंबणारे बूट, छातीशी मेणकापडात टपाल, नुसत्या लोखंडी पायडलवर उघडे पाय. चाक घसरलं की तो पायडलवर उभा राहून अंग दुसरीकडे टाकायचा आणि पुन्हा सरळ यायचा. सात गावं, अकरा वर्षं, असाच. जाफरनं शिव्यांची सगळी तयारी केली होती, त्यातली एकही आठवेना.

त्याला बघून ज्ञानूचा चेहरा पडला. बूट वंगाळ न्हाईत, म्हणाला, लय झाक हायेत. पण दिवसाला चाळीस उंबरे. दर उंबऱ्याला अठरा भोकांची नाडी सोडायची आणि पुन्हा आवळायची, तीही गारठून लाकूड झालेल्या बोटांनी. भिजलेली गाठ तर सुटायलाच मागत नाही. पहिल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत निम्मीच गावं झाली होती.

"मग बूट घालूनच जा की आत," जाफर म्हणाला. "एवढ्या पावसात कोण काय म्हणतंय?"

साळूबाईही तेच म्हणत आली होती. ज्ञानू ओसरीवर पाय पुसून आत गेला, चुलीपुढे बसला आणि त्यानं पाकीट फोडलं. साळूबाईचा मुलगा हंबीरराव लडाखच्या बाजूला बर्फात होता. "तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार," ज्ञानूनं वाचलं. मग पत्र बाजूला ठेवलं, उठला आणि साळूबाईच्या पायांवर डोकं टेकवलं. म्हातारीनं त्याच्या भिजल्या केसांवरून हात फिरवून, जणू मुलगाच समोर होता तशी, औक्षवंत हो म्हटलं. मग ज्ञानू पुन्हा बसला आणि पुढचं वाचू लागला.

जाफरला आता उमगलं. हा माणूस चाळीस घरांत चाळीस मुलांचे नमस्कार पोचते करत होता. आणि आपण त्याला बूट घालून जा म्हणालो. त्याला मनापासून लाज वाटली.

पत्र संपेपर्यंत तो ज्ञानूच्या पायांकडेच बघत होता. चुलीजवळ पाय हळूहळू लाल होत होते. म्हणजे दिवसातून चाळीस वेळा या पायांना ऊब मिळत होती, आणि आपल्या बुटानं ती एकदाही धरून ठेवली नव्हती. त्यानं पिशवीतून चामडं कापायची रापी काढली. साळूबाईकडून भिजली तरी ऊब धरणाऱ्या धनगरी लोकरीचा तुकडा मागून घेतला, तो ज्ञानूच्या पायांना गुंडाळला आणि लोकरीसकट नव्यानं माप घेतलं. मग घागरीत बुडवून सगळ्या बाजाराला दाखवलेले ते बूट मांडीवर घेतले आणि घोट्याखालून कापले.

आठवड्यानं नवे बूट पठारावर पोचले. दिसायला ओबडधोबड. आत लोकर मावेल एवढे ऐसपैस, बोटांपाशी रुंद. तळाला टायर, त्याला पायडल धरेल अशा आडव्या खाचा. कडेला खाली तीन-तीन भोकं, शिरलेलं पाणी बाहेर पडायला. नाडी नाहीच, वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा, टाचेनं टाच दाबली की पाय मोकळा. शेजारचे दुकानदार पोट धरून हसले. मेणानं पाणी अडवणारा जाफर आता बुटाला भोकं पाडतोय म्हणाले. जाफरनं ऐकून घेतलं.

दसरा झाल्यावर ज्ञानू दुकानाशी आला. सायकल टेकवली, वाकायचं नावही न घेता बूट बाहेर झटकले आणि आत येऊन पाय पुढे केले. जाफरनं एकेक बोट दाबून बघितलं. दहाच्या दहा गरम होती. डाव्या पायाच्या त्या दोन बोटांना आरीचं टोक लागताच ज्ञानूनं पाय मागे घेतला. डॉक्टरनं बोटं कापायचं रद्द केलं होतं, साहेबांनीही सात गावं त्याच्याकडेच ठेवली होती.

मग ज्ञानूनं खिशातून एक पत्र काढलं. साळूबाईनं ज्ञानूच्याच हातून मुलाला बुटांची सगळी हकिकत कळवली होती, त्याचं हे उत्तर, जाफरच्या नावानं आलेलं. तो वाचू लागला. "थंडीत पाय कसे जातात ते आम्ही इथं रोज बघतो. आपल्या ज्ञानूचे पाय ज्यांनी राखले, त्या जाफरभाईंना माझा शिरसाष्टांग नमस्कार."

त्यानं पत्र बाजूला ठेवलं आणि वाकला. जाफरनं घाईघाईनं पाय मागे ओढले. आमच्यात असं माणसाच्या पाया पडत नाहीत, तो पुटपुटला.

"मी न्हाई पडत, जाफरभाई," ज्ञानू खाली वाकूनच म्हणाला. "मी नुसतं पोचवतोय. पत्त्यावर तुमचं नाव हाय."

जन्मभर दुसऱ्यांचे पाय बघणाऱ्या जाफरला आपले पाय कुठं ठेवावेत ते कळेना. मग त्यानं पायांतल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि भेगाळलेले दोन्ही पाय हळूच पुढे केले.