जेवणाबरोबरची गोळी

आईचं पोट फुगायचं, आणि त्याचं खापर मी तीन महिने तिच्या उपासांवर फोडलं. बाबा गेल्यावर तिला साताऱ्याहून आमच्याकडे, चंदिगडजवळच्या खरड गावी आणलं होतं. "साखरेची ती नवी गोळी सुरू झाल्यापासून होतंय रे," ती म्हणायची. मी म्हणायचो, "गोळीनं नाही, तुझ्या साबुदाण्यानं." शेवटी मी तिला एकादशीसुद्धा सोडायला लावली. देवाला नमस्कार करून तिनं मुकाट्यानं ताटातली पोळी खाल्ली.

उपास सुटले, पोट फुगायचं थांबलं नाही. एका सकाळी कळा सहन होईनात, तेव्हा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. स्कॅनमध्ये आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले. डॉक्टरांनी समजावलं की फुफ्फुसाचा जुना आजार, आतड्यातला अडथळा, कमी पडणारा रक्तपुरवठा, काही औषधं, अशी कारणं असू शकतात. कधी कारण सापडतही नाही. आतड्याला धोका वाटला तर ऑपरेशन. औषधांची चिठ्ठी मी दिली होती, पण जुनी, त्या नव्या गोळीच्या आधीची.

बाहेर बाकावर बसलो. कित्येक वर्षांनी हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. शेजारच्या वयस्कर पंजाबी बाईंनी आपणहून विचारपूस केली. पोटाचं ऐकून म्हणाल्या, "बेटा, शुगर की गोली तो नहीं लेतीं, खाने के साथवाली? मेरे सरदारजी का पेट उसी से फूलता था."

मी धावत आत गेलो, आईच्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी दाखवली. गोळीचं नाव पाहून डॉक्टरांनी ती लगेच थांबवली. कारण तेच असावं, पण खात्रीनं सांगता येत नाही, म्हणाले. ते बुडबुडे विरावेत म्हणून आईला ऑक्सिजन लावून देखरेखीखाली ठेवलं. पोट हळूहळू उतरलं, ऑपरेशन टळलं. आभार मानायला बाहेर आलो तर बाक रिकामा होता. त्या बाईंना कोणी पाठवलं, याचा खल मी करत नाही. नमस्कार मात्र रोज करतो.

घरी आल्यावर म्हणालो, "आई, एकादशी धर पुन्हा." ती म्हणाली, "राहू दे आता." त्यानंतर तिनं दुखणंखुपणं सांगणंच सोडलं. मलाच सगळं कळतं हा हेका देवाच्या पायाशी ठेवायचा, एवढीच शरणागती मला जमते आहे, तीही उशिरा.

परवा ती गुडघा चोळताना दिसली. विचारलं तर, "काही नाही, तू जा कामाला." मी गेलो नाही. शेजारी बसून तिचा गुडघा चोळू लागलो. मग ती म्हणाली, "जिना चढताना दुखतो रे."