नाव पुकारायची वाट

दादरच्या वीज-तक्रार ऑफिसात मी बिलाच्या तक्रारीसाठी जायचे, तेव्हा काळाचौकीचे एक काका मला दर मंगळवारी दिसायचे. चाळीत व्होल्टेज पडलं की त्यांच्या बायकोचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडायचं, तीच तक्रार. शिपायाने नाव पुकारलं की गिरणीतल्या हजेरीच्या सवयीने काका ताडकन उठायचे, "हजर!" आम्ही रांगेतले जाम हसायचो.

मग सरकारने ते ऑफिस नव्या आयोगात विलीन केलं. आता नाव नाही, स्क्रीनवर नुसता टोकन नंबर. काका वरचं बटण लावून, कान देऊन बसलेले. मी फोनमध्ये. त्यांचा नंबर येऊन गेला, खिडकी बंद झाली, तेव्हा म्हणाले, "पोरी, माझा नाव कोणी घेतलाच नाय गो!"

पुढची तारीख दोन महिन्यांनी. साहेबांना विनवू म्हणून मी बाहेर पडलेल्या काकांच्या मागे धावले, पण हाक काय मारू? नुसतं 'काका' म्हटलं तर गर्दीतले दहाजण वळले असते. इतके मंगळवार ऐकलेलं नाव आठवेचना. आठवत होतं फक्त "हजर!"